विठाबाईंचा फड

दौंड तालुक्यातील चौफुला हे संगीत बारीसाठी, म्हणजे थिएटरात बसलेल्या रसिकांपुढे स्त्रिया सादर करतात त्या लावणीच्या बैठकीसाठी, प्रसिद्ध आहे. शिरूर-दौंडच्या गावजत्रांत मात्र मान ढोलकी फडाला असतो. गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य, अशा क्रमाने हा तमाशा उघड्या मैदानात रात्रभर रंगतो. त्याची सुपारी, म्हणजे खेळाचा करार, देण्यासाठी गावकारभारी जुन्नर तालुक्यातील नारायणगावला जातात, कारण गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या तिथेच लागतात.

या गावाचे नाव राज्यभर नेणाऱ्या विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपुरात, भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नामांकित फडाच्या घराण्यात झाला. त्यांना शाळा फारशी लाभली नाही. ताल, लावणी आणि संवादफेक त्या फडातच शिकल्या आणि पुढे स्वतःच फडाच्या मालकीण झाल्या. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत खेळ आणि पावसाळ्यात रिकामे हात, असा हा धंदा असल्यामुळे कलावंत हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात आणि ती देण्यासाठी मालकाला कर्ज काढावे लागते. तेव्हा खेळ बुडाला तर एका बाईचे नव्हे, साऱ्या बिऱ्हाडांचे पोट बुडते.

दिवस भरलेल्या विठाबाई फडावर नाचत असताना कळा सुरू झाल्या, त्या कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हा प्रसंग महाराष्ट्रात आजही सांगितला जातो. त्याकडे केवळ कलानिष्ठेचा दाखला म्हणून पाहणे अन्यायाचे आहे, कारण ओल्या बाळंतिणीला निवांत पडू देणारी कोणतीही सोय त्या व्यवस्थेत नव्हती, आणि तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांना खेळ पुरा करून देणे ही मालकिणीची जबाबदारी होती.

१९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव होऊनही त्यांची अखेरची वर्षे हलाखीतच गेली. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. कन्या मंगला बनसोडे यांनी तमाशाचा वारसा पुढे चालवला, तर राज्य सरकारने विठाबाईंच्या नावे तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.