सोयाबीनचा गुण दाण्यांत, तेलांत नव्हे

सोयाबीन पिकवावें, मळणी होतांच जालन्याच्या मोंढ्यावर घालावें, आणि घरीं तेलाचा डबा विकत आणावा, हा आपल्या जिल्ह्यांतील परिपाठ होय. पीकपाहणीच्या कागदांत या पिकाचीं क्षेत्रें मीं वर्षानुवर्षें लिहिलीं. परंतु दाण्यांत काय आहे हें पाहण्याचें सुचलें नाहीं.

दाण्यांत शेंकडा सुमारें ४० भाग प्रथिनें व २० भाग तेल असतें. शिवाय जेनिस्टीन, डेडझीन इत्यादि ‘आयसोफ्लॅव्होन’ द्रव्यें असतात. त्यांची घडण इस्ट्रोजेन या स्त्रीरसासारखी असल्यानें स्तनाचा कर्करोग बळावेल असें भय पुष्कळांस वाटे. परंतु शांघाय येथील ५,०४२ रुग्ण स्त्रियांची पाहणी २००९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सोयाबीन अधिक खाणाऱ्यांत रोग उलटण्याचें व मृत्यूचें प्रमाण कमीच आढळलें. अर्थात् पाहणी म्हणजे औषधाची सिद्धता नव्हे. रोज २५ ग्रॅम सोयाप्रथिनांनीं अपायकारक कोलेस्टेरॉल शेंकडा ३-४ उतरतें. मधुमेहाविषयीं पुरावा एकमुखी नाहीं, सबब चालू औषध कोणीं सोडूं नये.

हीं प्रथिनें व द्रव्यें तेलांत उतरत नाहींत. ढेपेंत राहतात, आणि ढेप कोंबड्यांच्या खाद्यांत जाते. गुण कोंबडीस, डबा आपणांस!

तरी घरापुरते दाणे राखावे. कच्चे खाऊं नयेत. त्यांतील ट्रिप्सिनरोधक द्रव्य पचन बिघडवितें, तें उष्णतेनें नष्ट होतें. भिजवून, उकडून, वाळवून गव्हाच्या दळणांत दहावा हिस्सा मिसळावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीं गोळी व हें अन्न यांत कांहीं तासांचें अंतर ठेवावें. पेरणीसाठीं औषध लाविलेलें बियाणें मात्र उरलें तरी स्वयंपाकघरांत येऊं देऊं नये.