सच्छिद्र काँक्रीट फरसबंदी

वाळू पूर्णपणे किंवा जवळजवळ वगळून, साधारण एकाच आकारमानाची खडी, सिमेंट व मोजके पाणी यांपासून तयार केलेल्या आणि पावसाचे पाणी आरपार जाऊ देणाऱ्या काँक्रीटची फरसबंदी. सिमेंटचा पातळ लेप खडीचे दाणे त्यांच्या स्पर्शबिंदूंपाशी सांधतो व उरलेल्या पोकळ्या एकमेकींस जोडलेल्या राहतात. त्यांचे प्रमाण सामान्यतः एकूण घनफळाच्या 15 ते 25 टक्के असते. ब्रिटनमध्ये असे काँक्रीट 1852 मध्ये घरबांधणीत वापरले गेले. पाण्याच्या निचऱ्यासाठी फरसबंदीत त्याचा वापर मुख्यत्वे 1970 नंतर अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात वाढला.

कार्य : चांगल्या प्रतीच्या नव्या पृष्ठाच्या दर चौ. मी. मधून मिनिटाला 100 लिटरहून अधिक पाणी उतरू शकते. मुसळधार पावसाचा वेगही याच्या तुलनेने अल्प असतो. त्यामुळे पाणी किती सामावले जाईल, हे खालच्या खडीच्या थरावर व जमिनीवर अवलंबून असते. उदा., 20 टक्के पोकळीचा 15 सेंमी. जाडीचा काँक्रीट थर आणि 40 टक्के पोकळीचा 20 सेंमी. खडीचा थर मिळून 110 मिमी. पाऊस साठवू शकतात.

लाभ : पृष्ठावरून वाहणारे पाणी घटल्याने गटारे व नाले तुंबण्याचे प्रमाण कमी होते. रस्त्यावरील धूळ व तेलकट अंश पहिल्या पावसाबरोबर थेट नदीनाल्यांत न जाता बऱ्याच अंशी थरांमध्ये अडतात. वृक्षांच्या मुळांना हवा व पाणी मिळते. फिकट रंगामुळे हे पृष्ठ डांबरी पृष्ठापेक्षा कमी तापते. डांबरी पृष्ठापेक्षा प्रारंभिक खर्च सामान्यतः अधिक असला, तरी पावसाळी गटारे, नळ व पाणी साठविण्यासाठी राखावी लागणारी जागा यांवरील खर्च वाचतो. नेहमीच्या काँक्रीटला दर घ. मी. मागे साधारणतः 600 ते 700 किग्रॅ. वाळू लागते, तीही येथे वाचते.

वऱ्हाडातील उपयुक्तता : वरील लाभ सर्वत्र सारखे मिळत नाहीत. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत सु. 4,700 चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेल्या या पट्ट्यात भूजल बहुतांशी खारट आहे. येथील काळी चिकण जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पावसाळ्यात मात्र फुगून पाणी अत्यंत मंद गतीने मुरू देते. हा वेग ताशी 1 मिमी. धरल्यास वरील 110 मिमी. पाणी मुरण्यास साडेचार दिवसांहून अधिक काळ लागेल आणि दरम्यान आलेल्या दुसऱ्या पावसास जागा उरणार नाही. शिवाय भिजून फुगलेली माती फरसबंदी उचलते व लगतच्या भिंतींना तडे पाडू शकते. त्यामुळे येथे वरच्या थरातील काळी माती काढून मुरमाची भर घालणे, तळाशी छिद्रे असलेले निचरा नळ बसविणे आणि इमारतींच्या पायापासून पुरेसे अंतर राखणे आवश्यक ठरते. अशा रचनेत भूजलभरण दुय्यम असून पाणी काही काळ रोखून ठेवणे व नियंत्रित वेगाने सोडणे, हे मुख्य कार्य होय. नळावाटे निघणारे पाणी साठवणतळ्यात नेल्यास ते झाडांसाठी व बांधकामासाठी वापरता येते. ज्या प्रदेशात पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते, तेथे ही बचत महत्त्वाची आहे.

मर्यादा व देखभाल : सच्छिद्र काँक्रीटचे संपीडन बल सु. 28 ते 280 किग्रॅ./चौ. सेंमी. एवढे विस्तृत मर्यादेत बदलते. म्हणून ते पादचारी मार्ग, शाळांची प्रांगणे, रेल्वे स्थानकाबाहेरील वाहनतळ व अंतर्गत रस्ते यांस योग्य असते. जड मालमोटारींच्या महामार्गांस नव्हे. ट्रॅक्टर व बैलगाड्यांच्या चाकांबरोबर काळी माती येते आणि कापसाची धूळ सतत पडते, अशा बाजार आवारात त्याची छिद्रे लवकर बुजतात. इंधन किंवा कीटकनाशके हाताळली जातात अशा जागाही वर्ज्य होत. इतरत्र पावसाळ्यापूर्वी व नंतर निर्वात यंत्राने किंवा पाण्याच्या झोताने सफाई करावी लागते. ही तरतूद प्रारंभीच्या अंदाजपत्रकात नसल्यास काही वर्षांतच पृष्ठ अपार्य होते आणि त्यावर केलेला जादा खर्च वाया जातो.