केबल नव्वदची, टर्मिनल सत्तरचे

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलाद-कारखान्यांत, जिथे भंगार वितळवून बिलेट आणि बिलेट लाटून सळई तयार होते, केबल जळाल्याची तक्रार आल्यावर कव्हर उघडून पाहिले, तर बहुधा केबल जळालेली नसतेच. लगाजवळचे, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडणी-तुकड्याजवळचे, वीतभर इन्शुलेशन तपकिरी पडून कडक झालेले असते, ब्रेकरच्या एका फेजचे प्लास्टिक काळवंडलेले असते, आणि हातभर अंतरावर तीच केबल नव्यासारखी दिसते. संपूर्ण लांबीभर केबल तापली असेल तर दोष भाराचा किंवा केबली एकावर एक रचल्याचा मानावा. फक्त टोक तापले असेल तर लगाचे क्रिम्पिंग, बोल्टचा ताण, किंवा केबल आणि टर्मिनल यांची जोडी जुळते का, हे तपासावे लागते.

यांतल्या शेवटच्या कारणाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. एक्सएलपीई या रासायनिक जोड दिलेल्या पॉलिथीनच्या इन्शुलेशनमध्ये वाहक सतत 90 अंश सेल्सिअसपर्यंत चालू शकतो, तर साध्या पीव्हीसीत ही मर्यादा 70 अंश आहे. केबल निवडण्याच्या तक्त्यातील विद्युतप्रवाहाचे आकडे या मर्यादा गाठल्या जातील असेच ठरवलेले असतात. त्यामुळे एक्सएलपीईच्या रकान्यातून 250 अँपियरची केबल निवडणारा माणूस नकळत 90 अंशांचा वाहक ब्रेकरच्या टर्मिनलला बोल्टने कसून देतो. आणि ब्रेकरची तापमानवाढीची प्रमाणित चाचणी मात्र पीव्हीसी इन्शुलेशनच्या तांब्याच्या, ठरावीक जाडीच्या केबली जोडून घेतात. 250 अँपियरसाठी ती जाडी 120 चौरस मिलिमीटर आहे. ही केबल फक्त प्रवाह आणत नाही, टर्मिनलची उष्णता ओढूनही नेते. उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर टर्मिनलसाठी 70 अंशांचा हिशेब धरणेच शहाणपणाचे. अमेरिकेच्या विद्युत संहितेत हा विचार थेट नियमात आला आहे: टर्मिनलची क्षमता वेगळी नमूद नसेल तर 100 अँपियरपर्यंत 60 अंशांचा आणि त्यापुढे 75 अंशांचा रकाना वापरायचा, मग केबलचे इन्शुलेशन कितीही सोसणारे असो.

हिशेब अवघड नाही, कारण वाहकाची तापमानवाढ स्थूलमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. भारतीय तक्त्यांतील हवेच्या 40 अंशांवरून 90 पर्यंत वाढ 50 अंशांची, तर 70 पर्यंत फक्त 30 अंशांची. या दोन वाढींच्या गुणोत्तराचे वर्गमूळ 0.77 येते. म्हणजे 250 अँपियरसाठी एक्सएलपीईच्या रकान्यात सुमारे सव्वातीनशे अँपियर दाखवणारी केबल हवी. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे 61 टक्के असल्याने 120 चौरस मिमी तांब्याच्या बरोबरीला ॲल्युमिनियमचे 200 चौरस मिमी लागते, आणि बाजारात मिळणाऱ्या मापांत दोन्ही अटी पुरवणारी सर्वांत लहान केबल साडेतीन कोरची 240 ची. जालन्यात मे महिन्याच्या दुपारी हवाच 40 अंशांपलीकडे जाते, आणि लाल बिलेट समोरून धावत असलेल्या मिलच्या बाजूला पॅनेल असेल तर आतल्या हवेचा आकडा त्याहून वर धरावा लागतो, तिथे 0.77 देखील उदारच ठरतो.

केबल बारीक राहिली तर पहिला परिणाम आगीचा नसतो. थर्मल प्रकारच्या ब्रेकरमधील द्विधातूची पट्टी टर्मिनलच्या उष्णतेनेही वाकते, आणि ब्रेकर मर्यादेपेक्षा कमी प्रवाहावर, तोही नेमका दुपारी, पडू लागतो. मग ब्रेकर खराब ठरवून बदलला जातो, आणि तोही पडला की मोठ्या अँपियरचा बसतो. हा उपाय रोगापेक्षा घातक आहे, कारण बारीक केबलीचे उरलेसुरले संरक्षणही त्याने जाते.

जाड केबल आणली की दुसरीच अडचण समोर येते: तिचा रुंद लग ब्रेकरच्या दोन फेजांमधल्या जागेत मावत नाही. अशा वेळी लगाच्या कडा घासून टाकणे किंवा वाहकाच्या चार-पाच तारा छाटून तो लहान लगात कोंबणे हे सर्रास घडते, आणि वाढवलेल्या जाडीचा सगळा लाभ अखेरच्या दोन इंचांत संपतो. त्याऐवजी टर्मिनलला स्प्रेडर, म्हणजे बाहेर फाकवलेल्या तांब्याच्या पट्ट्या, बसवून लग त्यांवर घ्यावेत. तांब्याला ॲल्युमिनियम जोडताना द्विधातू लग वापरावा, ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर घासून लगेच संपर्क-ग्रीस लावावे, आणि बोल्ट अंदाजाने नव्हे, टॉर्क पान्याने उत्पादकाच्या आकड्यापर्यंत कसावा, कारण मऊ ॲल्युमिनियम जास्त दाबाखाली हळूहळू पसरते आणि काही महिन्यांत तोच सांधा सैल होतो.