थांबते, पण पावती द्या

ग्वाल्हेरच्या नया बाजारात मी मोटार विम्याचं काम करते. शहराच्या लष्कर नावाच्या वस्तीतला हा भाग सगळा व्यापाऱ्यांचा. दाल बाजार, लोहिया बाजार, इंदरगंज एकमेकांना खेटून आहेत. लोडिंग ऑटो, ई-रिक्षा, हातगाड्या आणि स्कूटी दिवसभर एकाच रस्त्यातून वाट काढत असतात. यातायात म्हणजे वाहतूक पोलिसांची चेकिंग मोहीम निघाली की माझ्या टेबलासमोर गर्दी होते. कोणी संपलेली पॉलिसी घाईघाईने करून घ्यायला येतं, तर कोणी हातात चालान घेऊन येतं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो: "काकू, मी काहीच केलं नव्हतं. तरी थांबवलं. असं थांबवता येतं का?"

येतं. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १३० सांगतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याने गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवलं पाहिजे. त्याआधी तुम्ही सिग्नल तोडलेला असावा किंवा तुमचा संशय यावा, अशी अट तिथे नाही. हुद्द्याचीही अट नाही. आमच्याकडे ज्याला आरक्षक म्हणतात तो साधा शिपाईसुद्धा लायसन्स मागू शकतो, फक्त अंगावर गणवेश हवा. विमापत्र, नोंदणी, पीयूसी ही बाकीची कागदपत्रं राज्य सरकारने अधिकार दिलेला गणवेशातला पोलीस कलम १५८ खाली मागतो.

प्रत्येक देशात असं नाही. अमेरिकेत डेलावेअर राज्यात १९७६ साली गस्तीवरच्या एका पोलिसाने काही कारण नसताना एक गाडी थांबवली आणि आत गांजा सापडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७९ साली न्यायालयाने निकाल दिला की निव्वळ लायसन्स पाहण्यासाठी, कसलाही संशय नसताना, एखादीच गाडी निवडून थांबवणं घटनाबाह्य आहे. ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथला गणवेशातला पोलीस कारण न देता गाडी थांबवू शकतो, आणि जवळ कागद नसतील तर ते ठाण्यात आणून दाखवायला सात दिवस मिळतात. आपला कायदा या ब्रिटिश वळणाचा आहे. विमापत्रासाठी सात दिवसांची सवलत आपल्याही कलम १५८ मध्ये आहे. पॉलिसी चालू होती पण त्या वेळी जवळ नव्हती, तर सात दिवसांत सांगितलेल्या ठाण्यात दाखवा. केवळ ती जवळ नव्हती म्हणून तुम्हाला दोषी धरता येत नाही. ही सवलत माझ्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

मला विचाराल तर कारण न विचारता थांबवण्याचा हा अधिकार पोलिसांकडे असलाच पाहिजे. मी हे गाडीवाल्याच्या बाजूने बोलत नाही, ज्याला गाडी धडकते त्याच्या बाजूने बोलते आहे. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. अपघातांच्या संख्येत आमचं मध्य प्रदेश तमिळनाडूच्या खालोखाल, म्हणजे ५४,४३२. हेल्मेट लांबून दिसतं. विमा दिसत नाही, लायसन्स दिसत नाही. ते आहे की नाही हे कळायला गाडी थांबवावीच लागते.

विम्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती मला रोज दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीबरोबर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. शोरूममध्ये तो बिलातच येतो, त्यामुळे घेणाऱ्याला आपण विमा काढला याची जाणीवही नसते. पाच वर्षांनी तो संपतो तेव्हा आठवण कुणालाच राहत नाही. गाडी मात्र चालूच असते, बाजारात, शाळेच्या दारात, देवळासमोर.

माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं. वडील हातगाडी ओढायचे. मोटारसायकलने उडवलं, पाय कायमचा गेला. मोटारसायकलीचा विमा संपलेला होता. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, पण ती द्यायची कुणी? विमा असता तर कंपनीने दिली असती. चालवणाऱ्याकडे योग्य लायसन्स नसलं तरीसुद्धा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणात सांगून ठेवलं आहे. विमाच नसेल तर उरतो फक्त मालक. हा मालक भाड्याच्या खोलीत राहणारा आणि दुसऱ्याच्या दुकानात काम करणारा होता. हुकूम हातात आहे, पैसे नाहीत. ती मोटारसायकल त्या अपघाताआधी चेकिंगमध्ये सापडली होती, हे मला मागाहून कळलं. मालकाने दोनशे रुपये दिले आणि पावती न घेता निघून गेला.

त्या दिवसापासून मी पावतीचा आग्रह धरते. पावती फाडली असती तर कलम १९६ चं चालान झालं असतं, दंडाचा आकडा समोर आला असता, आणि बहुधा तो माणूस दुसऱ्याच दिवशी पॉलिसी करायला आला असता. चालान झाल्यावर धावत येणारे मी बघतेच. दोनशे रुपयांत दोघांचंही काम झालं, आणि बिनविम्याची गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर आली. हातगाडीवाल्याला या सौद्याची कल्पनाही नव्हती, पण किंमत त्याने मोजली.

गाडी थांबवायला कारण लागत नाही. त्यापुढच्या प्रत्येक पायरीला मात्र कायद्याने कारणही लावलं आहे आणि कागदही. आपली माणसं भांडतात ती पहिल्या पायरीवर, जिथे त्यांची बाजू दुबळी आहे. "का थांबवलं? मला ओळखता का?" असा आवाज चढतो, मग खिशातून फोन निघतो आणि कुठल्या तरी साहेबांना लावला जातो. लष्कर भागातल्या आम्हा मराठी घरांनाही ही सवय आहे. आजोबा कोणत्या सरदारांकडे कामाला होते, इथपासून ओळख सुरू होते. ज्याच्याकडे सांगायला अशी ओळख नाही, तो ई-रिक्षावाला त्याच चौकात पूर्ण दंड भरतो. मला हे फार लागतं.

आमच्या गल्लीत माल आणणाऱ्या एका लोडिंगवाल्याचं उदाहरण घ्या. शहरातल्या एका चौकात त्याला थांबवलं. लायसन्स मोबाइलवर होतं. "ओरिजिनल दाखव" असं सांगून चावी काढून घेतली, तासभर उभं केलं. यात तीन गोष्टी चुकल्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेली दुरुस्ती सांगते की डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची कागदपत्रं पडताळून झाली की छापील प्रत मागायची नाही. हे पहिलं. दुसरं, गाडीची चावी काढून घेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. भर रहदारीत अनोळखी हात गाडीच्या आत घालणं धोक्याचंही असतं. आणि तिसरं, गाडी अडकवून ठेवायची असेल तर कलम २०७ मध्ये कारणं ठरलेली आहेत: चालकाकडे लायसन्सच नाही, तो अल्पवयीन आहे, गाडीची नोंदणी नाही, परवाना नाही किंवा परवान्याच्या अटी मोडल्या आहेत. लायसन्स नाही, वय कमी आहे किंवा परवाना नाही, अशा वेळीही अधिकारी गाडीऐवजी नोंदणीचा कागद ठेवून घेऊन त्याची पोच देऊ शकतो.

लायसन्स जप्त करण्याचंही तसंच आहे. ते खोटं असल्याची शंका हवी, किंवा चालक पुढे समन्स चुकवेल असं वाटण्याला आधार हवा, किंवा वेग, धोकादायक चालवणं, दारू, हेल्मेट अशा ठरावीक गुन्ह्यांपैकी एखादा हवा. लायसन्स ठेवून घेतलं तर कलम २०६ प्रमाणे पोच मिळते. समन्स चुकवण्याच्या शंकेवरून ठेवलं असेल, तर लायसन्स परत येईपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येते; ठरावीक गुन्ह्यांसाठी ठेवलं असेल, तर लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचेवर चालवता येत नाही. पोच न देता लायसन्स कुणाच्या वरच्या खिशात गेलं, तर तिथेच, शांतपणे, पोच मागायची.

दारूच्या तपासणीत नकार देऊ नका. तो अधिकार पोलिसांकडे आहे आणि असायलाच हवा. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण त्यासाठी अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे. ती झाली नाही तर कोठडीतून सोडावं लागतं. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. रात्री क्लासवरून स्कूटीने परतणाऱ्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते.

आता पैशांचं. चौकात भरतो ती रक्कम म्हणजे शिक्षा नव्हे. चालानवर त्याला शमन शुल्क लिहिलेलं असतं, म्हणजे गुन्हा तडजोडीने मिटवण्याची रक्कम. ती घेण्याचा अधिकार राज्याने ठरवून दिलेल्या हुद्द्यांनाच असतो. लायसन्स मागणारा प्रत्येक गणवेश पैसे घेऊ शकेल असं नाही. म्हणून सूबेदार कोण आहेत ते विचारावं. आमच्या राज्यात यातायात शाखेत उपनिरीक्षकाच्या तोडीच्या अधिकाऱ्याला सूबेदार म्हणतात. चालान मान्य नसेल तर जागेवर पैसे भरण्याची सक्ती नाही, प्रकरण न्यायालयात जाऊ द्या म्हणता येतं. रकमेबद्दल मोबाइलवर फिरणारे आकडे धरून हुज्जत घालू नये. १ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने दंड वाढवले तेव्हा मध्य प्रदेश सरकारने ते लगेच लागू केले नव्हते. शमन शुल्क राज्य ठरवतं, म्हणून पुण्याचा आकडा ग्वाल्हेरला चालत नाही.

मोठ्या गाड्यांची कथा याहून गंभीर आहे. मध्य प्रदेशच्या परिवहन आयुक्तांचं मुख्यालय भोपाळला नाही, आमच्या ग्वाल्हेरला आहे, आणि राज्याच्या सीमांवरच्या परिवहन नाक्यांबद्दल ट्रकवाल्यांची गाऱ्हाणी नया बाजारने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहेत. १ जुलै २०२४ पासून सरकारने ते नाके बंद केले. त्याच वर्षी डिसेंबरात भोपाळजवळच्या जंगलात एका मोटारीत सुमारे ५२ किलो सोनं आणि कोट्यवधींची रोकड सापडली, आणि परिवहन खात्याच्या एका माजी आरक्षकाभोवती तपास फिरू लागला. तो खटला न्यायालय पाहील. माझ्याकडे येणारे ट्रकमालक मात्र त्या बातमीनंतर पहिल्यांदाच विचारू लागले, की नाक्यावर दिलेल्या पैशांची पावती कधी मिळायला हवी होती.

नियम १३९ च्या त्याच दुरुस्तीत एक सोय आहे, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. कागदपत्रं तपासली की तपासणीची तारीख, वेळ आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची आहे. एकाच गाडीला एकाच सकाळी तीन चौकांत अडवलं जाऊ नये, हा हेतू. लोडिंगवाल्यांसाठी हे वरदान आहे, कारण त्यांचा दिवस वेळेवर चालतो. माझी मागणी अशी की ही नोंद झाल्याचा संदेश चालकाच्या मोबाइलवर तिथल्या तिथे यावा. चालान झालं तर तो संदेश येतोच. नुसतं थांबवून सोडून दिलं तरी यावा. ज्या थांबवण्याची कुठेच नोंद नाही, दोनशे रुपये तिथेच हात बदलतात.

मोबाइलने चित्रण करता येतं का, हाही नेहमीचा प्रश्न. रस्त्यावर कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाचं चित्रण करू नये असं मोटार वाहन कायदा म्हणत नाही. वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली तर पोलीस ठाणंसुद्धा शासकीय गुपितांच्या कायद्याखालची निषिद्ध जागा नाही, असा निर्वाळा दिला. पण मोबाइल कुणाच्या तोंडावर धरून काम अडवलं तर तो वेगळा गुन्हा होतो. छातीच्या उंचीवर धरा, नावाची पट्टी येऊ द्या, बोलणं सभ्य ठेवा. पोलिसाने स्वतः हेल्मेटशिवाय गाडी चालवली तर? २०१९ च्या दुरुस्तीत कलम २१० ब आलं आहे: कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट.

यातायातचे काही शिपाई स्वतःच्या मोटारसायकलींच्या पॉलिसीसाठी माझ्याकडे येतात. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा ते भर उन्हात चौकात उभे असतात. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "काकू, छातीवरचा कॅमेरा चालू असला की मला बरं पडतं. साहेबांना फोन लावून देणारे फोन खिशात ठेवतात, आणि वरून कुणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला काही असतं." कॅमेरा प्रत्येक चेकिंगला लागतो का, असं मी विचारलं. "जेवढे मिळतात तेवढेच," तो म्हणाला, आणि पॉलिसीची पावती घडी करून खिशात ठेवली.