पाठपोट छपाईची जुळवणी

खिशातील पाचशेची नवी नोट उजेडापुढे धरून पाहा. दर्शनी बाजूस डावीकडे तुटक खुणा दिसतात. मागच्या खुणा त्यांत मिसळल्या की ५०० हा आकडा पुरा होतो. ही जुळणी खऱ्या नोटेची एक खूणच आहे. नोटा छापणारा असा एक कारखाना १९२८ पासून आपल्या महाराष्ट्रात, नाशिकरोडला आहे.

आता छापखान्यातले आजचे संगणकी यंत्र घ्या. ते कागदाची एक बाजू छापते, भुकटीची शाई तापवून पक्की करते, मग कागद उलटवून दुसरी बाजू छापते. घोटाळा येथेच होतो. कागद उलटला की पुढची कड मागे जाते. रीम काटकोनात कापलेले नसेल तर मजकूर तिरपा बसतो. शिवाय उष्णतेने ओलावा उडून कागद आखडतो. पहिली छपाई त्याच्याबरोबर आखडते, दुसरी मूळ मापानेच उमटते.

उपाय असा. त्याच रिमातील दहा कागदांवर दोन्हीकडे फुलीच्या खुणा छापाव्यात व उजेडावर धरून फरक मोजावा. आधी तिरपेपणा, मग आडवेउभे सरकणे, शेवटी माप, या क्रमाने यंत्रातील आकडे बदलावेत. फरक दर कागदास निराळा येत असेल, तर आकडे बदलणे व्यर्थ. दोष कागदात किंवा तो ओढणाऱ्या रुळांत असतो.

आम्ही कामगार संघटनेची माणसे यात पडतो, कारण वाया गेलेल्या कागदाचे पैसे यंत्रचालकाच्या पगारातून कापणे मालकाला सोपे वाटते. कापण्यापूर्वी तेच दहा कागद उजेडावर धरावेत, एवढेच आमचे मागणे आहे.