दोन पंगती, दोनशे मिनिटे

'यंदा केंटकीला हरवील कोण?' या एकाच प्रश्नाचे उत्तर घेऊन येण्याची कामगिरी २०१४ सालच्या शरदात संपादकांनी माझ्यावर सोपविली, तेव्हा मी लेक्सिंग्टनला गेलो तो काहीशा अनिच्छेनेच. कारण हंगामातला पहिला चेंडू उडण्यापूर्वीच ज्या महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाला असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत अग्रस्थान बहाल झाले होते, त्याच्याविषयी लिहिणे म्हणजे राजा सिंहासनावर बसण्याआधीच राज्याभिषेकाचा वृत्तांत छापून मोकळे होण्यापैकी होते.

दफ्तरी इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. घोड्यांच्या पैदाशीसाठी विख्यात असलेल्या या शहरात ॲडॉल्फ रप यांनी १९३० पासून १९७२ पर्यंत विद्यापीठाच्या संघाची धुरा वाहिली, ८७६ सामने आणि चार राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकून दिली, आणि त्यांच्या नावाने १९७६ साली उघडलेल्या रप अरीनात सामन्याच्या दिवशी वीस हजारांहून अधिक माणसे निळे कपडे घालून जमतात. एकूण अजिंक्यपदे आठ, शेवटचे २०१२ चे. असल्या गादीवर बसणाऱ्याला 'यंदा बघू' म्हणण्याची सवलत नसते.

मला मोह पडला तो मात्र इतिहासाचा नव्हे, एका साध्या गणिताचा. व्यावसायिक एनबीएत शिरण्यास वयाची एकोणीस वर्षे आणि शाळा सुटल्यावर एक वर्ष लोटलेले असावे, असा नियम २००६ च्या निवडीपासून अमलात आला. तेव्हापासून असामान्य मुले महाविद्यालयात एक वर्ष मुक्काम करून पुढे जातात. त्याच वहिवाटीवर प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी आपली सारी रचना उभारली होती. परंतु त्या वर्षी जाणारे गेलेच नाहीत. जुळे हॅरिसन बंधू, विली कॉली-स्टाइन, ॲलेक्स पॉयथ्रेस, डकारी जॉन्सन, मार्कस ली हे सारे राहिले, आणि कार्ल-अँथनी टाउन्स, ट्रे लाइल्स, डेव्हिन बुकर, टायलर युलिस हे चौघे नव्याने आले. शालेय खेळाडूंत सर्वोच्च मानला जाणारा मॅकडोनल्ड्स ऑल-अमेरिकन हा किताब यांपैकी नऊ जणांकडे होता. सामना चाळीस मिनिटांचा आणि मैदानावर जागा पाच. म्हणजे वाटून द्यायची मिनिटे दोनशे, आणि कितीही मोठा खजिना ओतला तरी त्यांची दोनशे एक होत नाहीत.

यावर कॅलिपारींनी काढलेला तोडगा आपल्याकडच्या कोणाही यजमानाला तत्काळ उमगावा असा होता: त्यांनी पंगती पाडल्या. निळी पाच जणांची, पांढरी पाच जणांची. चार-पाच मिनिटे एक बसायची, की ती उठून दुसरी. हे स्थित्यंतर जवळून पाहण्यासारखे होते. बाकावरचे पाचही एकदम उठत, सरावाचे सदरे काढून टाकीत, गुण नोंदणाऱ्या कारकुनाच्या मेजापुढे ओळीने बसून राहत. भोंगा वाजला की घामाने निथळणारे पाच बाहेर आणि कोरडे पाच आत. जाताजाता सात फुटी कॉली-स्टाइन आपला तळहात खाली आणी आणि पाच फूट नऊ इंचांचा युलिस आपला वर उचली. आपल्या गावात हा युलिस चारचौघांत उंचच ठरला असता. येथे त्याला पाहून प्रतिपक्षाच्या मुलांना क्षणभर हायसे वाटे, आणि पुढच्याच क्षणी तो त्यांच्या हातून चेंडू काढून नेई.

कौतुक येथवर. चिंता अशी की, पंगतीत बसणारा पाहुणा आपले पान येईपर्यंत धीर धरतो, कारण पहिल्या पंगतीला मिळाले तेच आपल्यालाही मिळणार हे त्याला ठाऊक असते. या मुलांना तसा भरवसा कोण देणार? ऑक्टोबरात एनबीएच्या निरीक्षकांना खास बोलावून त्यांच्यासमोर मुलांची मोजमापे आणि कवायत झाली होती. ज्याला वसंतात लक्षावधींचा करार खुणावतो आहे, त्याने वीसच मिनिटांवर तृप्त राहावे, हा त्याग अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडून मागितला जात होता. शिवाय ज्याचा हात बसला आहे, त्यालाही पंगत उठली की उठावे लागे. आणि अपेक्षांचा पूर्वानुभव तर ताजाच होता: आदल्या वर्षीही हंगामारंभी अग्रस्थान मिळाले होते, तरी अखेर अंतिम सामन्यात कनेटिकटने ६०–५४ असे हरविलेच.

नोव्हेंबरात माझ्या शंका हास्यास्पद ठरल्या. कॅन्सस ७२–४० ने पराभूत झाले. डिसेंबरात शिकागोला यूसीएलएविरुद्ध मध्यंतराला फलक ४१–७ दाखवीत होता. पण त्याच डिसेंबरात सरावात पॉयथ्रेसच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, एक पान रिकामे झाले, आणि पंगतींची काटेकोर व्यवस्था मोडून नऊ जणांची सरमिसळ सुरू झाली. संघ तरीही जिंकतच राहिला, लागोपाठ अडतीस सामने. त्यातल्या कोणाचीही सरासरी अकरा गुणांच्या वर गेली नव्हती. त्याग मागितला होता तो मुलांनी खरोखरच दिला होता.

४ एप्रिल २०१५ रोजी इंडियानापोलिसला उपान्त्य सामन्यात विस्कॉन्सिन समोर आले, आणि सामना अटीतटीला पोहोचला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू हाती आल्यापासून पस्तीस सेकंदांत नेम साधावा लागे. अखेरच्या मिनिटांत केंटकीची ही मुदत एकामागून एक तीनदा टळली. चेंडू या हातातून त्या हातात फिरत राहिला आणि भोंगा झाला. विस्कॉन्सिन ७१–६४ ने जिंकले.

संपादकांचा प्रश्न मला त्या रात्री आठवला. शरदातली टिपणवही काढली. तिच्या पहिल्याच पानावर दोनशेचा आकडा ठळक लिहून त्याखाली दहा नावांपुढे मी मिनिटे वाटून पाहिली होती, आणि कोणाला ना कोणाला कमीच पडत होती. त्या जमेखाली मी खर्चाच्या बाजूला एक रक्कम मांडली: तीनदा पस्तीस, एकूण एक मिनिट पंचेचाळीस सेकंद, कोणाच्याही नावावर नाही.