मुंग्यांच्या घरात राहून त्यांचीच पिल्लं खाणारं फुलपाखरू ब्रिटनमधून गायब का झालं होतं?

फुलपाखरू म्हटलं की आपल्याला फुलांवर भिरभिरणारा गरीब जीव आठवतो. पण युरोपातल्या ‘लार्ज ब्लू’ या निळ्या फुलपाखराचं बालपण पाहिलंत, तर मत बदलेल.

याची मादी रानटी थाईमच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी सुरुवातीचे जेमतेम तीन आठवडे त्यावर जगते. मग खाली जमिनीवर पडते आणि वाट बघते. कुणाची? लाल मुंगीची.

अळीच्या अंगाला मुंगीच्या पिल्लासारखा वास असतो, शिवाय ती मुंगीला गोड थेंबही चाटवते. फसलेली मुंगी तिला उचलून थेट वारुळात नेते. तिथे ही पाहुणी साधारण दहा महिने मुक्काम ठोकते आणि मुंग्यांची पिल्लं फस्त करते. तिचं जवळपास ९८ टक्के वजन इथेच वाढतं. याच गटातल्या दुसऱ्या एका फुलपाखराची अळी तर राणी मुंगीसारखा आवाज काढून बडदास्त ठेवून घेते.

पण एक अट आहे. मुंगी ‘मिरमिका साब्युलेटी’ याच जातीची हवी. दुसऱ्या जातीच्या वारुळात गेलेल्या बहुतेक अळ्या मरतात.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट उशिरा कळली. फुलपाखरं कमी होऊ लागली तेव्हा संशय गेला ती पकडून जमवणाऱ्या हौशी लोकांवर. त्यांना रोखायला कुंपण घातलं गेलं. पण त्यामुळे गुरंही बाहेर राहिली!

१९७०च्या दशकात शास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी खरं कारण शोधलं. या मुंगीला ऊन लागणारी उबदार जमीन लागते, म्हणजे गवत अगदी आखूड हवं. माळांवरची चराई कमी झाली होती. त्यात १९५०च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या रोगाने गवत खाणारे ससेही प्रचंड संख्येने मेले. गवत वाढलं, जमीन थंड झाली, मुंग्या गेल्या आणि मागोमाग फुलपाखरूही.

कारण कळेपर्यंत उशीर झाला होता. १९७९ मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झालं.

मग माळांवर पुन्हा चराई सुरू केली गेली आणि १९८३ पासून स्वीडनहून आणलेल्या अळ्या तिथे सोडल्या गेल्या. प्रयोग यशस्वी झाला. आज सॉमरसेटच्या टेकड्यांवर हे निळं फुलपाखरू पुन्हा उडतं. त्याला वाचवायचं म्हणजे आधी त्या मुंगीला सांभाळायचं, म्हणून तिथे आजही मुद्दाम गुरं चारली जातात.